कव्हर हा शब्द आणि आईंचा मुक्काम

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळी. जागा: भिवंडीतलं आमचं जुनं घर, खाली यंत्रमागांचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या. हजर: सासूबाई, ज्यांना घरात सगळे आई म्हणतात, माझे यजमान, धाकटे दीर, दिरांची बायको, म्हणजे माझी जाऊ, त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि मी. माझा मुलगा पुण्याला नोकरी करतो. तो फोनवरून हजर राहणार होता, राहिला नाही.

त्या दिवशी कामं दोन होती. एक छोटं, एक मोठं. छोटं काम पुतणीचं. तिला कॉलेजात एक इंग्रजी शब्द निवडायला सांगितला होता, रोजच्या मराठी बोलण्यात रुळलेला. त्याचा अर्थ, घरात तो कुठे कुठे वापरतात आणि मुळात आला कुठून, हे लिहायचं होतं. मोठं काम म्हणजे आईंनी यापुढे कुठे राहायचं ते ठरवणं. कारखाना विकला होता. माग भंगारात जाणार होते, जागेवर कोणाचं तरी गोदाम उभं राहणार होतं आणि आम्हाला घर रिकामं करून द्यायचं होतं. आमचा फ्लॅट टेमघरला. दिरांचं घर पडघ्याला, हायवेला लागून. दोन्ही भावांनी आईंना सांगितलं होतं, तू म्हणशील तिथे. आई म्हणाल्या होत्या, दिवाळी होऊ द्या, मग सांगते.

त्यांनी माझ्याकडे यावं असं मला फार वाटत होतं. हे सुरुवातीलाच लिहिते, कारण सुनांबद्दल लोकांचा समज उलटा असतो. शेजारणी मला म्हणाल्या होत्या, "धाकटीकडे जाऊ दे गं, सुटशील." मला सुटायचं नव्हतं. मी टेमघरच्या फ्लॅटमधली मागची खोली त्यांच्यासाठी तयार केली होती. कपाटात कागद घातले, खालचे दोन खण मोकळे केले कारण त्यांचा हात वर जात नाही, न्हाणीघरात धरायला दांडा बसवला, आणि खिडकीला सरकत्या काचा लावून घेतल्या, दुपारी झोप मोडू नये म्हणून. गादीला खोळ शिवली. पलंगाच्या आकाराची, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक.

मी सगळं शिवते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कारखान्यात ग्रे कापड पडलेलं असायचं, धुलाई आणि रंग व्हायच्या आधीचं, आणि त्यातला डाग पडलेला किंवा तार तुटलेला तुकडा कोणालाच नको असायचा. मी त्याची कव्हरं शिवायला लागले. मिक्सरला, शिलाई मशीनला, टीव्हीला, पाण्याच्या फिल्टरला, गॅसच्या टाकीला. धूळ म्हणजे काय ते मागाच्या शेजारी राहिलेल्या माणसालाच कळतं. कापसाचा बारीक रोंवा हवेतून येतो आणि दुधावरसुद्धा बसतो. झाकलं नाही तर घर चालत नाही. हे मी कोणावर छाप पाडायला करत नव्हते.

माझी जाऊ यातलं काही करत नाही. तिच्या फोनला कव्हर नाही, काचेला तडा गेलाय आणि ती त्याच तड्यावरून बोट फिरवत सगळ्या जगाशी बोलते. तिच्या घरी लोणच्याच्या बरणीवर झाकण नसतं, वाटी असते. सोफ्याचं कापड सगळ्यांच्या पायांनी काळं झालंय. आणि त्या सोफ्यावर आई पाय वर घेऊन आडव्या होतात, तोंड उघडं ठेवून घोरतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्याकडे आल्या की दारात उभ्या राहतात आणि विचारतात, "सूनबाय, इथं बसू का?"

मी दर वेळी म्हणते, "अहो आई, विचारताय काय, बसा ना." त्या बसतात. काठावर.

आणखी एक गोष्ट आहे, ती बाहेरच्या माणसाला हसण्यासारखी वाटेल. आईंनी मला कधी शिवी दिली नाही. जावेला त्या 'मेले' म्हणतात, 'भवाने' म्हणतात, एकदा आमच्या सगळ्यांदेखत तिच्या पाठीत उलथन्याची दांडी मारली होती, मासळी करपली म्हणून. जाऊ ओरडली, "आई, लागलं ना," आणि दोघी हसत सुटल्या. मी तिथेच कांदा चिरत होते. माझी मासळी कधी करपली नाही.

त्या रविवारी आम्ही दोघं वेळेवर पोचलो. मी कॅसरोलमध्ये पुलाव नेला होता, कोशिंबीर वेगळ्या डब्यात, दही वेगळं. पडघ्याची मंडळी उशिरा आली. जावेच्या हातात मोठं पातेलं, सुक्या मटणाचं. झाकण घरी विसरलेली. वर वर्तमानपत्र, त्याला नाडी बांधलेली, आणि कागदातून तेल वर आलेलं.

"मेले, झाकण कुठंय?" आई म्हणाल्या.

"घरी. म्हटलं वास तरी रस्ताभर येईल. टोल नाक्यापासून हे गाडी थांबवा म्हणत होते."

"मी कुठे म्हणालो?" दीर म्हणाले.

"डोळ्यांनी म्हणालात."

आईंनी नाडी सोडली, कागद बाजूला केला, बोटाने एक तुकडा उचलून तोंडात टाकला. माझ्या कॅसरोलकडे पाहून म्हणाल्या, "सूनबायनं पण आणलंय. छान केलं हां." छान केलं. झाकण उघडून कोणी पाहिलं नव्हतं.

पुतणी म्हणाली, आधी माझं काम करा, मग जेवण. ती जमिनीवर बसली, फोन रेकॉर्डिंगला लावला. "शब्द आहे कव्हर."

दीर हसले. "काकीला विचार. काकीचं खातं आहे ते."

"म्हणूनच घेतला बाबा. काकीकडे गेलं की हाच शब्द सगळ्यात जास्त ऐकू येतो. कव्हर घाल, कव्हर काढ, कव्हर काढलंस तर परत घाल."

सगळे हसले. मीही हसले. मुलगी गुणी आहे, तिच्यावर माझा राग नाही. शिवाय मला त्या शब्दाबद्दल खरंच माहिती होती. मी सांगायला सुरुवात केली. मराठीत प्रत्येक वस्तूच्या झाकण्याला वेगळा शब्द होता. गादीला खोळ, उशीला अभ्रा, तंबोऱ्याला गवसणी, पोथीला बासन, बैलाच्या पाठीवर झूल, भांड्यावर झाकण. आमच्या गल्लीतल्या मुसलमान शेजारणी उशीच्या अभ्र्याला गिलाफ म्हणतात. हे सगळे शब्द एका कव्हराने खाल्ले. आता गादीलाही कव्हर, तंबोऱ्यालाही कव्हर आणि पोथीलाही प्लॅस्टिकचं कव्हर. पुतणी भराभर लिहीत होती. "काकी, हळू. बासन म्हणजे नक्की काय?" मी तिला चौकोनी कापडात पुस्तक कसं गुंडाळतात ते रुमालावर करून दाखवलं. त्या वेळी खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते, आईसुद्धा, आणि मला बरं वाटत होतं.

मग सगळ्यांनी आपापली भर घातली. दिरांनी बसल्या जागी बॅट फिरवून कव्हर ड्राइव्ह दाखवला. यजमान म्हणाले, कारखान्यात एखादा कारागीर गावी गेला की दुसरा म्हणायचा, 'सेठ, उसकी शिफ्ट मैं कवर करता.' तिथे झाकायचं काहीच नसतं, पण जागा उघडी पडू द्यायची नसते. मला ते आवडलं. मी म्हटलं, हे लिही. विम्याचंही तसंच, तेही लिही.

"आणि मी?" जाऊ म्हणाली. "मी पण कव्हर करते. तुझे बाबा ढाब्यावर बसून आले की आजीसमोर मीच सांगते, गाडी पंक्चर झाली होती."

"मना म्हाईत हाय सगळं," आई म्हणाल्या. "दर शनवारी कशी होते पंक्चर?"

दीर उठून पाणी प्यायला गेले.

पुतणीने विचारलं, "आजी, तू कुठे वापरतेस कव्हर?"

"मी कशाला वापरतंय. आमच्या म्हायेरी, दिघाशीला, एक झाकण. बाकी उघडंच."

तेवढ्यात पाणी पिऊन आलेले दीर म्हणाले, "वहिनींचं मागाचं कव्हर राहिलं की. ते लिही. वहिनींनी मागाला कव्हर घातलं आणि दुसऱ्या दिवशी दलाल दारात."

ही गोष्ट घरात वर्षभर चालली आहे, म्हणून नीट सांगते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाजार मंदा होता. कारागीर गावी गेलेले, निम्मे माग उभे. पत्रा गळत होता आणि कबुतरं आत यायची. मी मोजमाप घेऊन उभ्या असलेल्या मागांना ग्रे कापडाची कव्हरं शिवली. कोणीही शहाणा माणूस हेच करेल. पण आमच्याकडे एक रीत होती, ती मला कोणी सांगितली नव्हती. चालू ठेवायचा माग झाकत नाहीत. आज बंद असला तरी उद्या चालणार आहे, म्हणून तो उघडाच ठेवायचा, धूळ बसली तर पुसायची. झाकलेला माग म्हणजे विकायला काढलेला माग. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा आमचा जुना माणूस, सकाळी आला आणि दारातच थांबला. "भाभी, ये क्या पहनाया इनको?" मला वाटलं तो कौतुक करतोय. मी म्हटलं, धुलने का है, निकाल के धो सकते. तो बाहेर जाऊन बिडी ओढत बसला. दुपारपर्यंत गल्लीत झालं की यांनी कारखाना विकायला काढला, आणि दुसऱ्या दिवशी दलाल भंगाराचा भाव घेऊन आला.

त्यानंतर पुढे खरंच कारखाना विकला गेला. पण मंदी माझ्या शिलाई मशीनमधून आली नव्हती. हे मी त्या रविवारीही म्हटलं.

"अगो, मस्करी करतंय तो," आई म्हणाल्या. पण त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

पुतणीने विषय पुढे नेला. फोनवरून वाचून सांगू लागली. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पूर्ण झाकून टाकणे, आणि त्याच्या पोटात जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ बंद करणे असाही होतो. त्याच शब्दाची भावंडं इंग्रजीत पुष्कळ आहेत. हातरुमालाला जो शब्द आहे तो मुळात डोक्यावरून घ्यायच्या कापडाचा. हे ऐकून आईंचा हात आपोआप पदराकडे गेला. शोध लावणे याला जो शब्द आहे त्याचा अर्थ मुळात झाकण काढणे.

"आणि हे ऐका," ती म्हणाली. "कर्फ्यू. कर्फ्यू पण यातूनच आलाय. जुन्या काळी तिकडे संध्याकाळी घंटा वाजवायचे, सगळ्यांनी चुली झाका म्हणून, आग लागू नये म्हणून. आग झाका. त्याचं होत होत कर्फ्यू झालं."

आमच्या पिढीच्या भिवंडीकरांना हा शब्द कोणी शब्दकोशातून शिकवलेला नाही. यजमानांच्या डोळ्यांसमोर ते शाळेत असतानाचे दंगलीचे दिवस आले असावेत. मी तेव्हा या गावात नव्हते. माझं माहेर ठाण्याचं. मी कर्फ्यूबद्दल ऐकलं होतं तेवढंच.

आई म्हणाल्या, "आमी चुली न्हाय झाकल्या. आमी माग झाकले."

पुतणीने फोन त्यांच्याजवळ सरकवला.

आईंनी सांगितलं ते असं. कर्फ्यू लागला तेव्हा सगळे माग एकदम बंद झाले. त्यांच्या लग्नापासून त्या घरात आवाज नाही असा एक दिवस गेला नव्हता. बाळंतपणातसुद्धा खालून खटखट चालू. त्या दिवशी आवाज थांबला. मागावर निम्मं विणलेलं कापड होतं, बाहेरून जळक्या वासाची राख उडत येत होती. माझ्या सासऱ्यांनी घरातल्या सगळ्या चादरी खाली नेल्या. रोजच्या, पाहुण्यांच्या, लग्नात आलेल्या, सगळ्या. एकेका मागावर एकेक चादर. कारागीर खोलीत अडकलेले, सगळ्या जातीचे, त्यांनीच हात लावला. घरातली माणसं उघड्या जमिनीवर झोपली. आई सकाळी जिन्यावरून खाली पाहायच्या तर ओळीने काहीतरी झाकून ठेवलंय. माग आहेत हे माहीत असूनही त्यांचा पाय पुढे जायचा नाही.

"मना वाटायचं..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"माणसं आहेत," जाऊ म्हणाली. ती माळ्यावरची भांडी काढत होती, मान न वळवता म्हणाली. "मग तुम्ही खिडकीजवळच्या मागावरची चादर काढून घेतली ना, आई. मामंजी ओरडले तरी परत घातली नाही."

"हां. तो एक तरी उघडा पायजे म्हटलं. तेवढं बगून मना दम यायचा."

"आणि ती चादर हिच्या आत्याच्या अंगावर घातली, तिला ताप होता."

"तापच होता. बरोबर."

मी दोघींकडे पाहत राहिले. जाऊ पातेली एकात एक घालत होती. तिला ती गोष्ट पाठ होती. कुठे थांबतात, पुढे काय येतं, ताप कोणाला होता, सगळं. माझ्या यजमानांनाही एवढं आठवत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिला ही गोष्ट आईंनी कधी सांगितली असेल? लसूण सोलताना, किंवा त्या काळ्या सोफ्यावर लोळताना. आणि एकदाच नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळेशिवाय गोष्ट अशी पाठ होत नाही.

मी या घरात तिच्या आधी आले. आईंना दवाखान्यात नेणं, चष्मा, दात, बँक, पेन्शनचा अंगठा, हे सगळं माझ्याकडे. गाडीत तासन्‌तास आम्ही शेजारी बसलो आहोत. मी त्यांना विचारायचे, पाणी हवंय का, काच वर करू का. त्या म्हणायच्या, नको गो, बरं हाय. आणि ही गोष्ट त्यांच्याजवळ होती, पूर्ण वेळ. मी मागांना कव्हरं शिवत होते तेव्हाही होती. तेव्हा जरी सांगितली असती तरी मी ती कव्हरं उसवून टाकली असती. त्यांनी तेव्हा मला म्हटलं होतं, "छान शिवलीस."

लोक म्हणतात मत्सर दागिन्यांचा असतो, जमिनीचा असतो. आमच्या भागात जमिनीचा तर फारच असतो. मला जावेच्या जमिनीचं काही नाही. तिच्या पडघ्याच्या घरासमोर उद्या सोन्याचं गोदाम उभं राहिलं तरी चालेल. पण ती गोष्ट मला हवी होती, आणि पहिल्यांदा हवी होती.

"काकी, तुला माहीत होतं हे?" पुतणीने विचारलं.

"थोडंफार," मी म्हटलं. जावेने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत भांड्यांना लागली. तिने मला कव्हर केलं असं पुतणी म्हणाली असती. मला ते नको होतं.

जेवण झालं. मटणाचं पातेलं पुसून खाल्लं. पुलाव राहिला, जावेने तो डब्यात भरला आणि म्हणाली, "ताई, हा मी नेते हां, उद्या ह्यांच्या डब्याला." ती मनापासून म्हणाली, तेच मला सहन झालं नाही.

हात धुऊन आल्यावर यजमानांनी विचारलं, "आये, मग काय ठरवलंस?"

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. पायांवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "मी पडग्याला जाते."

मग त्यांनीच पुढे सांगितलं. "सूनबायचं घर चांगलं हाय. सगळं जागच्या जागी. पण तिथं आवाज न्हाय रे. दुपारची मी पडते ना, तर कानात कायच येत न्हाय. मना भ्याव वाटतं. पडग्याला रस्ता हाय. ट्रक जातात, हॉर्न वाजवतात, कोनतरी भांडतं. त्यात मना झोप लागते."

सरकत्या काचांचे पैसे मी घरखर्चातून बाजूला काढले होते. ते मी तिथे बोलले नाही. मी म्हटलं, "काचा उघड्या ठेवू आई. काढून टाकू हव्या तर."

"नको गो. कशाला. एवढ्या हौसेनं लावल्यास."

"मेले," मग त्या जावेला म्हणाल्या, "आता तुजी पंचाईत."

"पंचाईत कसली? ह्यांच्याशी भांडून कंटाळा आला होता. नवीन माणूस मिळालं."

"तोंड बग हिचं."

आणि परत दोघी हसल्या. जावेच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. तिला कळलंही नव्हतं की काही जिंकण्यासारखं होतं. तिला ते कळलं असतं तर मला तिच्याशी भांडता आलं असतं.

मी उठले आणि आवरायला घेतलं. आईंची लुगडी, पांघरुणं, देव, औषधांची पिशवी, चष्म्याची जुनी फ्रेम, त्यांच्या हातची पळी जी दुसऱ्या कोणाला वापरू देत नाहीत. प्रत्येक बोचक्यावर काय आहे ते लिहिलं, म्हणजे पडघ्याला शोधाशोध नको. दीर म्हणाले, "वहिनी आहेत म्हणून सगळं होतं." यजमान जिन्यात मला म्हणाले, "लांब थोडीच आहे, अर्ध्या तासात जाशील कधीही." मी म्हटलं, हो. दिरांनी बोलावलेल्या टेम्पोत सामान चढलं. आई पुढे बसल्या, ड्रायव्हरच्या शेजारी, काच खाली करून. जाऊ मागे बोचक्यांवर बसली, मुलीसारखी.

त्याला आता काही आठवडे झाले. पुतणीचं काम जमा झालं, चांगले गुण मिळाले. तिने मला फोटो पाठवला. माझे सगळे शब्द त्यात आहेत, खोळ, अभ्रा, गवसणी, आणि शेवटचं मोठं पान आजीच्या मागांचं. बाईंनी त्या पानाशेजारी लाल शाईने दोन रेघा ओढल्या आहेत, शाबासकीच्या.

मी पडघ्याला जाऊन येते. मागच्या खेपेला गेले तेव्हा आई सोफ्यावर झोपल्या होत्या, टीव्ही चालू, बाहेर एक ट्रेलर मागे घेताना माणसं ओरडत होती. गालाखाली हात, उशी नाही. मी समोर बसून राहिले. त्या उठल्या तेव्हा मला पाहून पदर सारखा केला. "कवा आलीस? उठवायचं ना." मग जावेला हाक मारली, "गो, सूनबाय आलीय, चांगल्या कपात चहा दे."

चांगल्या कपात. स्वतः त्या स्टीलच्या पेल्यात प्यायल्या.

निघताना जाऊ रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "ताई, एक काम करा ना. आईंचं मला सगळं लिहून द्या. तुम्हाला जसं माहीत आहे तसं. काल साखर एकदम वाढली, डॉक्टर मलाच विचारतात, दुपारची गोळी घेतात का. मी म्हटलं घेतात. घेतात का हो?"

घेत नाहीत. गालात धरतात आणि तुळशीत थुंकतात. समोर उभं राहून, पाणी पिऊन झाल्यावर काहीतरी बोलायला लावावं लागतं, मग गिळतात. मला हे शोधायला बराच काळ लागला होता. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून उजवीकडून बोलायचं. पाय दुखतात म्हणाल्या तर पाय दुखत नसतात, त्यांना बाहेर न्यायचं असतं. दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय पहिला नकार खरा धरायचा नाही. भात कमी करायचा तर ताट बदलून लहान घ्यायचं, भात मोजायचा नाही. हे सगळं मला कोणी सांगितलं नाही, मी बघून बघून जमवलं.

"गोळीचं बघा जरा," मी तिला तेवढं सांगितलं. "समोर उभ्या राहा. बोलायला लावा." बाकीचं लिहून देते म्हटलं.

दोन वेळा तिचा फोन येऊन गेला. "ताई, घाई नाही, पण आठवण केली." तिला खरंच हवंय, आणि आईंसाठी हवंय, हे मला कळतं. मी रात्रीच्या स्वयंपाकाआधी, काम संपलेलं असतं तेव्हा, टेबलाशी बसते. कागद काढलाय. वर तारीख घातली आहे, खाली 'आई' असं लिहून अधोरेखित केलंय. पहिला मुद्दा अजून लिहायचा आहे.